मुंगीच्या पावलानं आलेला हात

त्या वर्षी चैत्रापासून मी अंबामायशी बोलणं टाकलं होतं. आमचं घर अमरावतीत देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच. रोज सकाळी घंटेचा आवाज आला की मी मुद्दाम भांडी आपटायची, तीही डाव्या हातानं, कारण उजवा हात भांडी आपटण्याच्याही कामाचा राहिला नव्हता. देवी आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. ती आहे, सगळं पाहते आहे, आणि पाहूनही गप्प बसली आहे, हाच माझा राग होता. आज सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र मी मनापासून रुसले होते.

मला लिहिता येत नाही. मी सांगते आहे आणि माझा जावई उतरवून घेतो आहे. तो शाळेत शिकवतो, त्यामुळे माझी वऱ्हाडी बोली त्यानं धुऊन-पुसून नीटनेटकी केली आहे. पण बाकीची माणसं जशी बोलली तशीच ठेव, एवढं मी त्याला बजावलं आहे.

आम्ही कासार. माझे मालक गावोगावच्या बाजारांतून बांगड्यांच्या माळा घेऊन फिरायचे आणि मी घरी ओट्यावर बसून बांगड्या भरायची. सातासमुद्रांपलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणतात. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेला आमच्या काळ्या मातीतलं बोंड एकदम प्यारं झालं. त्या दोन-चार वर्षांत वऱ्हाड नुसतं नाचत होतं. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढवली, कुणी जरीचा पटका बांधून नांगर धरला. बायांनी तर कमालच केली. एरवी सणाला हात पुढे करणाऱ्या बाया आठवड्याच्या बाजाराला येऊन म्हणायच्या, या हिरव्या काढ अन् त्या सोनेरी टिपक्याच्या भर. माझ्या ओट्यावर सकाळपासून हसणं-खिदळणं चालायचं. मला माझ्या हाताचा गर्व होता, तो आता कशाला लपवू? समोरच्या बाईचा पंजा एकदा दाबला की डोळे मिटून मी माप सांगायची. अवघडलेली बाई असो की आठ वर्षांची पोर, माझ्या हातून बांगडी चढताना कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नसे. नवरात्रात अंबामायचा चुडाही आमच्याच घरून जायचा. हा हात तिनंच दिला, असं मी तोंडानं म्हणायची. मनात मात्र तो माझाच होता.

माघ महिन्यात माझ्या नणंदेच्या शेजारच्या घरी लग्न निघालं. नणंद अकोल्याला दिलेली. वऱ्हाडणींना चुडे भरायला मीच हवी, असा निरोप आला. बांगड्यांच्या पेट्या गवतात नीट बसवून मालक आणि मी बैलगाडीनं निघालो. आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंतच आली होती, त्यामुळे आमच्या भागातला सगळा कापूस त्याच रस्त्यानं चालला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि धुळीत मधे आम्ही. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका नाल्याचा उतार लागला. बैलांना ओझं नको म्हणून मी खाली उतरून चालू लागले. शेजारून एक गाडी उतरत होती, तिच्यावर कापसाचे डोकडे, म्हणजे दाबून भरलेली मोठाली पोती, घराच्या उंचीइतके रचलेले. दोर तुटला आणि वरचा डोकडा माझ्या अंगावर आला. मी बाजूला झाले, पण हात मागे राहिला. आमच्याच गाडीचं चाक आणि तो डोकडा यांच्यामध्ये माझा उजवा दंड सापडला. कापूस हलका असतो असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा ठासलेला डोकडा उचलून पाहावा.

मालकांनी आधी मला ओढून काढलं आणि मग, काय करावं ते न सुचून, पेट्या उघडून पाहिल्या. एकही बांगडी फुटलेली नव्हती. "सगळ्या साबूत हायेत," असं ते मला सांगायला आले, माझ्या हाताकडे त्यांची नजर गेली, आणि तिथेच मातीत बसून लहान पोरासारखे रडले.

अकोल्याच्या हाडवैद्यानं दंडाचं हाड चांगलं बसवलं. त्याला मी कधी नावं ठेवणार नाही. दीड महिना मी नणंदेकडेच राहिले. बांबूच्या कांबी सोडल्या तेव्हा हाड जुळलेलं होतं, कोपर वाकत होतं, सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली. मग मी तळवा खाली करून हात पुढे केला आणि मनगटानं मान टाकली. वर उचलायला गेले तर हात माझा नव्हेच. मूठ कशीबशी मिटत होती, पण मिटलेली बोटं उघडत नव्हती. अंगठ्याच्या मागची कातडी मुकी झाली होती, तिथे सुई टोचली तरी दुसऱ्याला टोचल्यासारखं वाटायचं. हाडवैद्यानं पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की हाड माझ्या हाती, आतल्या नसेचं मला काही कळत नाही.

अमरावतीला परतल्यावर पहिले आठ दिवस मी कुणाला कळू दिलं नाही. मग शेजारची लेक सासरी निघाली, तिनं माझ्याचकडून चुडा भरायचा हट्ट धरला. डाव्या हातानं मी तिचा पंजा दाबला आणि उजव्यानं बांगडी सरकवायला गेले. मनगट लटकलं, बांगडी तिरकी झाली, फुटली, आणि काच तिच्या हातात शिरली. पोरगी चांगली होती. रक्त पुसत उलट मलाच म्हणाली, लागलं नाही मावशी. त्या दिवशी मी बांगड्यांच्या माळा खुंटीवरून काढून मालकांच्या हवाली केल्या.

मालक ओट्यावर बसू लागले. बाजारात माळा विकण्यात ते हुशार, पण हात जड. बाया यायच्या, चार बांगड्या भरून घ्यायच्या, सहा फुटायच्या. एक म्हातारी म्हणाली की हा माणूस बांगड्या भरतो का ज्वारी कुटतो? सगळ्या हसायच्या, मालकही हसायचे, आणि आत चुलीपाशी बसून मला ते हसणं टोचायचं.

मी काय काय केलं नाही? तेलं चोळली, ताईत बांधला, मंगळवार धरले, ओटी भरली. अंबामायपुढे पदर पसरून बसले आणि म्हणाले की येत्या मंगळवारपर्यंत माझा हात दे. मंगळवार आला, हात आला नाही. पुढचा मंगळवार दिला. तोही गेला. कुणी म्हणालं देवीचा कोप आहे, कुणी म्हणालं चुडा देताना काही चुकलं असेल. मग माझं डोकं फिरलं. वर्षानुवर्षं तिचे हात मी भरले आणि माझा एक हात तिला जड झाला, असं मी भर देवळात म्हणाले आणि उठून आले. तिथून आमचं बोलणं बंद.

वैशाखात नणंदेचा निरोप आला. अकोल्याला एक म्हातारा वैदू उतरला होता. लोळागोळा झालेल्या हातापायांना तो तापल्या लोखंडाचे डाग द्यायचा. डाग दिल्यावर नस खडबडून जागी होते, असं लोक सांगत. मला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा ओट्यावरचं हसणं जास्त बोचत होतं. आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. देवीला न विचारता, तिला न सांगता गेले, हेही इथे कबूल करते.

सकाळची वेळ. नणंदेच्या अंगणात वैदूनं गोवऱ्या पेटवल्या, कोळसे फुलवले आणि त्यांत लोखंडाची सळई खुपसली. दंडापासून मनगटापर्यंत सात डाग द्यायचे ठरले होते. माणूस दुष्ट नव्हता. मला म्हणाला, पदर दातांत धर, लवकर आटोपतो. मालक भिंतीकडे तोंड करून उभे होते.

तेवढ्यात दारातून एक मुसलमान म्हातारी आत आली. खांद्यावर पिंजण, ते कापूस पिंजायचं मोठं धनुष्य. नाव जैनबी. नवऱ्यामागे ती स्वतःच घरोघरी गाद्या पिंजायची. कापूस इतका महाग झाला होता की नवी गादी भरण्याची कुणाची छाती नव्हती, लोक जुन्याच गाद्या उसवून पिंजून घेत. तिला खरं तर दोन घरं पलीकडे बोलावलं होतं. ती बाई अचानक माहेरी गेली, दाराला कुलूप. आलीच आहे तर आमची गादी करून जा, असं नणंदेनं ओट्यावरून तिला सांगितलं. एवढंच कारण. याहून जास्त मला सांगता येत नाही.

तिनं विस्तव पाहिला, सळई पाहिली, मग माझा लटकलेला हात पाहिला. पिंजण भिंतीला टेकवलं आणि सरळ माझ्यापुढे येऊन बसली.

"हे कधी झालं, बेटी?"

मी सांगितलं. तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मधल्या बोटानं दंडावर टकटक करू लागली, कुंभाराकडचं मडकं वाजवून पाहतात तशी. हाड जुळलं होतं त्या जागेपासून ती हळूहळू खाली येत होती. मला काहीच होत नव्हतं. कोपराच्या जरा वर तिचं बोट आलं, आणि माझ्या त्या मुक्या अंगठ्यामागे एकदम मुंग्या धावल्या. मी हात ओढून घेतला. तिनं पुन्हा तिथेच वाजवलं, पुन्हा मुंग्या. एक बोट खाली वाजवलं, काही नाही.

"डाग नको देऊ बाबा," ती वैदूला म्हणाली. "नस जिती हाय. चालून राहिली ते. इथलोक आली." तिनं मुंग्या उठल्या तिथवर बोट नेऊन दाखवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले दिसत नाही म्हणून थांबली, असं काहून समजतं?"

मग तिनं आपली बाही वर केली. दंडावर जुना, मोठा व्रण होता. तरुणपणी घराचं आढं पडून तिचा हात असाच गेला होता. पिंजाऱ्याच्या घरात हात गेला म्हणजे सगळंच गेलं. तिच्या सासऱ्यानं तिला हे टकटक करायला शिकवलं होतं, आणि त्याला कुणी शिकवलं ते त्याचं त्याला ठाऊक. दर महिन्याला मुंग्यांची जागा अंगठ्याच्या रुंदीइतकी खाली सरकते, असं तिनं सांगितलं. मुंग्या मनगटाकडे पोचेपर्यंत वाट पाहायची, घाई केली तरी त्या घाई करत नाहीत. तिला आठ महिने लागले होते. आणि तिनं उठून, पिंजणाची तात, म्हणजे धनुष्याची दोरी, ओढून दाखवली. अंगणभर आवाज घुमला.

मी वैदूकडे पाहिलं. मला वाटलं तो चिडणार. त्यानं कोळशांतून सळई काढली, पाण्याच्या घंगाळात बुडवली आणि म्हणाला, "मंग एक मह्यना पाहा. मी कुठं पळून जातो?" नणंदेनं त्याला ताक दिलं. ते पिऊन, मिशा पुसून, तो आपल्या वाटेनं गेला. आजही त्याच्याबद्दल माझ्या मनात वाईट नाही. बाईचं ऐकून हातातली सळई विझवणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

जैनबीनं त्याच विस्तवातला एक कोळसा विझवून माझ्या दंडावर, मुंग्या उठल्या तिथे, आडवी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी बांबूच्या चार पातळ कांबी आणल्या, त्यांवर पिंजलेला मऊ कापूस लावला, आणि मनगट वर उचललेलं राहील असा एक पंजा मला बांधून दिला. हात लटकू द्यायचा नाही, नाहीतर नस घरी येईल आणि घरच पडलेलं असेल, असं तिचं म्हणणं. दिवसातून चार वेळा पंजा सोडून डाव्या हातानं उजव्याची बोटं उघडायची, मिटायची, मनगट वर-खाली करायचं. मुक्या जागेला चूल लागू द्यायची नाही, कारण भाजलेलं कळणार नाही. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. बोटं डाव्या हातानं उघडत असलीस तरी मनानं उजव्यालाच सांग की उघड. ऐकू येत नसलं तरी सांगत राहा.

आम्ही घरी आलो. देवीशी अबोला होताच, पण आता मला दुसरं काम लागलं होतं. दर पुनवेला मालक माझा दंड वाजवायचे. त्यांचा जड हात, त्यामुळे पहिल्यांदा मी ओरडलेच. जेठी पुनवेला मुंग्या आधीच्या रेघेवर उठल्याच नाहीत, कोपराच्या खोबणीत उठल्या. आषाढात कोपराखाली उतरल्या. मालक कोळशानं रेघा ओढायचे आणि पुसू द्यायचे नाहीत, त्यामुळे माझा हात गावच्या शिवेच्या नकाशासारखा दिसायचा. शेजारणी विचारायच्या की आज कुठलोक आल्या? मालक अकोल्याची वाट मोजावी तसे गंभीरपणे सांगायचे की बडनेरा गेलं, आता मूर्तिजापूर. ओट्यावर हसणं परत आलं, आणि या वेळी त्यात मीही होते. तरी हात हलत मात्र नव्हता. मुंग्या चालतात म्हणून हात चालेल, हे मानणं सोपं नव्हतं. मी रोज त्याला सांगायची, उघड. तो ऐकायचा नाही. मी पुन्हा सांगायची.

श्रावणातल्या एका दुपारी मी पंजा सोडून अंगणात बसले होते. शेजारची शेळी आत शिरली आणि तिनं तुळशीला तोंड लावलं. मी "हाड" म्हणून हात उगारला. शेळी गेली नाही, माझ्याकडे पाहत पान चावत राहिली. पण माझं मनगट वर होतं. लटकलेलं नव्हतं, वर होतं. मी ते पाहत राहिले. खाली टाकलं, पुन्हा उचललं. थरथरत, कष्टानं, पण ते माझं ऐकत होतं. मी मालकांना हाक मारली. ते ओट्यावर एका बाईला बांगड्या भरत होते, तसेच उठून आले, मागोमाग ती बाईही आली, एका हातात बांगड्या, दुसरा हात रिकामा. मी तिघांसमोर, म्हणजे शेळी धरून तिघांसमोर, मनगट उचलून दाखवलं. मालकांनी आत जाऊन गुळाचा मोठा खडा आणला. मला वाटलं माझ्यासाठी. तो त्यांनी शेळीला दिला.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीआधी मी देवळात गेले. चार-पाच महिन्यांनी. काय बोलावं ते घरून ठरवून गेले होते, चुकलं म्हणायचं, क्षमा मागायची. समोर उभी राहिले आणि ठरवलेलं सगळं विसरले. एकच गोष्ट मनात आली आणि तिथून हलेचना. मी मंगळवार मोजत होते तेव्हा ती नस चालत होती. मी भर देवळात वाटेल ते बोलले त्या दिवशीही ती चालत होती. मी अबोला धरला, भांडी आपटली, तिला न सांगता सळईखाली हात द्यायला गेले, आणि त्या सगळ्या दिवसांत माझ्या दंडाच्या आत, अंधारात, कुणीतरी माझा हात रोज रेघभर पुढे आणत होतं. माझ्या विनवणीनं ते लवकर आलं नाही आणि माझ्या रागानं थांबलंही नाही. मी फार वेळ रडले. पुजाऱ्यानं विचारलं, हात बरा नाही का झाला? मी म्हटलं, झाला म्हणूनच.

बोटं उघडायला भादवा उजाडला. सगळ्यांत शेवटी अंगठा. नवरात्रात देवीचा चुडा घेऊन मीच गेले. ओट्यावर मात्र बसले नाही, कारण माझ्या मनात पहिला हात कुणाचा भरायचा ते ठरलं होतं. दसरा झाल्यावर आम्ही अकोल्याला गेलो.

अशा गोष्टींत मदत करणारं माणूस पुन्हा कधी सापडत नाही, गावात कुणी त्याला ओळखत नाही, असं मी पुष्कळ ऐकलं आहे. जैनबी सापडली. पिंजाऱ्यांच्या आळीत, आपल्या दारात, डोक्यापासून पायापर्यंत कापसाच्या तंतूंनी पांढरी झालेली, सुनेशी कशावरून तरी भांडत बसली होती. मला पाहिल्यावर आधी हात पाहिला, मग तोंड. मनगट दाबून, बोटं उघडून, अंगठा ओढून सगळी परीक्षा घेतली आणि मान हलवली. मी तिच्यापुढे बांगड्यांची माळ ठेवून वाकले. माझ्यासाठी अंबामाय तुझ्या रूपानं आली, असं मी म्हणाले. ती हसली.

"मी तं गादी पिंजाले आली होती, बेटी. कुलूप लावून गेली ते बाई, तिले विचार." मग म्हणाली, "अल्लामियाँ कुठून धाडते, आपल्याले काय समजते."

ती स्वतः बांगड्या घालत नव्हती. पण सुनेला सातवा महिना होता. जैनबीनं तिला पुढे बसवलं आणि तिचा हात माझ्या हातात दिला. सुजलेला पंजा, जाड सांधे, आणि तिला हवी होती नेमकी ती अरुंद, हिरवी बांगडी. मी डोळे मिटले. डाव्या हातानं तिची बोटं गोळा केली, उजव्यानं बांगडी लावली. सांध्यापाशी ती अडली. पूर्वीची मी असते तर ओठ आवळून जोर लावला असता. मी जोर लावला नाही. बोटांना वाट पाहू दिली. तिच्या हाताचं हाड किंचित सैलावलं आणि बांगडी आपली आपण उतरली. मग दुसरी, तिसरी, दोन्ही हात भरले. एकही फुटली नाही. मालक मागे उभे राहून प्रत्येक बांगडीला श्वास रोखून धरत होते, ते मला न पाहताही कळत होतं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. लढाई संपली, कापूस उतरला, शिंगांवरची चांदी पुन्हा सोनाराकडे गेली. माझा हात राहिला. अंगठ्याच्या मागे चिंचोक्याएवढी जागा मात्र अजून मुकी आहे. आधी आधी मी तिथे रोज टकटक करून पाहायची. आता करत नाही. तिथलं काम अजून चालू असेल, किंवा अंबामायनं तेवढंच सोडून दिलं असेल. ज्यानं एवढं आणलं त्याला उरलेल्याचं स्मरण मी करून द्यावं, असं काही नाही. मी सकाळी उठते, देवळात जाते, माळा खुंटीवरून काढते आणि ओट्यावर बसते. पहिली बाई येते, हात पुढे करते, आणि तो हात माझ्या हातात आल्यावर मला जे वाटतं, तीच माझी प्रार्थना.